स्टेअरिंग बिघडलं आणि वॉरंटी नाही : बिल भरण्याआधी काय करायचं?



"साहेब, हे वॉरंटीत बसत नाही." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य ऐकलं की आपल्यातले बरेच जण एकतर आवाज चढवतात, नाहीतर निमूटपणे कार्ड काढून देतात. दोन्हीकडे पैसे आपलेच जातात. व्हिडिओत हा विषय थोडक्यात घेतला होता. इथे सविस्तर लिहितोय, कारण यातले आकडे आणि कायद्याचे मुद्दे नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत.

आपण एक उदाहरण धरून चालू. समजा, नवीन पनवेलची एक ताई डब्यांचा व्यवसाय करते. स्वतःची छोटी व्हॅन आहे, कर्जावर घेतलेली, चालवते ती स्वतःच. सकाळी डबे भरून खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली करत तळोजा एमआयडीसीत शेवटचा डबा. दुपारनंतर रिकामे डबे गोळा करायचे, मधेच वाशीच्या मार्केटला भाजी. रोजचे ८० किलोमीटर धरा. एके दिवशी स्टेअरिंग जड व्हायला लागतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी घेऊन २२ महिने झालेत. डीलर म्हणतो, वॉरंटी संपली, स्टेअरिंगची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, ३८ हजार. (हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील.)

पहिला प्रश्न ताईला पडेल तो हाच की, दोन वर्षांची वॉरंटी होती ना? मग संपली कशी?

इथे व्यवसायवाल्यांचं हमखास चुकतं. वॉरंटी "इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते" अशी असते. जुलै २०२४ पर्यंत मारुती सुझुकीच्या गाड्यांना साधी वॉरंटी २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर होती, त्यानंतरच्या गाड्यांना ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. घरगुती गाडीला वर्षं आधी संपतात, धंद्याच्या गाडीला किलोमीटर. ताईचे महिन्याला २५ दिवस कामाचे म्हटले तर २,००० किलोमीटर झाले, म्हणजे ४० हजारांची वॉरंटी २० व्या महिन्यातच संपली. ती कॅलेंडर बघत राहिली, मीटर पुढे गेला. एक्स्टेंडेड वॉरंटी साधारणपणे मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे तिची आठवणही तारखेवर नाही, किलोमीटरवर लावायची. धंद्याची गाडी घेतली त्याच दिवशी हे गणित करून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा.

असो. आता वॉरंटी संपलीच आहे, तर पुढे काय?

गाडी उभी करा, मग बोला

एसी बिघडला तर आठवडाभर घाम गाळत गाडी चालवता येते. स्टेअरिंगचं तसं नाही. पळस्पे फाट्यावर कंटेनरच्या मधे स्टेअरिंग अडकलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. "आजच्या ऑर्डर पोचवतो, मग बघू" हा विचार इथे चालत नाही. गाडी टो करून गॅरेजला न्या. विम्यात रोडसाइड असिस्टन्सचं कव्हर घेतलं असेल तर टोइंग त्यातच मिळतं. बरेच लोक त्याचा हप्ता भरतात आणि वेळेवर विसरतात.

बिघाड काय आहे, ते कागदावर घ्या

"स्टेअरिंग गेलंय" हे निदान नव्हे. स्टेअरिंग म्हणजे डझनभर वेगवेगळे भाग. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा आणि अलाइनमेंट बघतात. हायवेवर ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग. ही कामं काही शे रुपयांची, फार तर हजारभराची. स्पीडब्रेकरवर टकटक आवाज येतो, स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक लगेच वळत नाही, मेकॅनिक म्हणतो "प्ले आलाय", तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा रॅक तपासायला हवा. हे भाग झिजणारे आहेत आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत जरा लवकरच झिजतात. वॉरंटी चालू असतानाही "झीज" या नावाखाली कंपनी यातले काही भाग नाकारते.

स्टेअरिंग अचानक जड होणं हा आणखी वेगळा प्रकार. जुन्या हायड्रॉलिक सिस्टिममध्ये तेल गळतंय का, पंप आणि बेल्ट ठीक आहे का ते पाहतात. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असतं. त्याला मोटर, सेन्सर आणि एक छोटा कंट्रोल युनिट असतो, आणि हे सगळं चालतं बॅटरीवर. बॅटरी अशक्त झाली, अल्टरनेटर नीट चार्ज करत नसला, कनेक्टरमध्ये पाणी जाऊन गंज आला किंवा फ्यूज उडाला, तरी तोच पिवळा दिवा लागतो आणि स्टेअरिंग जड होतं. म्हणून ३८ हजारांची असेंब्ली मागवण्याआधी बॅटरीचं व्होल्टेज मोजलं का, कनेक्टर उघडून पाहिले का, स्कॅनरवर कोणता एरर कोड आला, हे विचारायचं. आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून मागायचं.

एक वाक्य पाठ करा : "बिघाड नेमका कोणत्या भागात आहे, त्याचं कारण काय, आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीमुळे तुम्ही नाकारताय, हे लेखी द्या." हे शांतपणे म्हणायचं. वाद घालायचा नाही. तोंडी नकार दोन सेकंदांत देता येतो, लेखी नकार देताना समोरच्याला पुस्तिका उघडून अट शोधावी लागते. कधीकधी ती सापडतच नाही! काउंटरवर देत नसतील तर तिथेच उभं राहून ईमेल करा :

"माझी गाडी (नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक) अमुक तारखेला स्टेअरिंग जड झाल्याने तुमच्याकडे आणली आहे. मीटरवर इतके किलोमीटर आहेत. तुम्ही काम वॉरंटीत होणार नाही असं तोंडी सांगितलं. कृपया तपासणीचा अहवाल, एरर कोड, नकाराचं कारण आणि पार्ट व मजुरी वेगळी दाखवणारं एस्टिमेट या ईमेलवर पाठवावं. माझ्या लेखी संमतीशिवाय काम सुरू करू नये."

शेवटचं वाक्य विसरू नका. काम करून झाल्यावर बिलाची रक्कम पूर्णपणे न मिळाल्यास गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजला भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार मिळतो. संमती द्यायच्या आधी तुमची बाजू भक्कम असते, नंतर नाही.

वॉरंटी संपली तरी रिकॉल संपत नाही

हा मुद्दा सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. कारखान्यातच सदोष भाग बसला असं कंपनीच्या लक्षात आलं, तर ती त्या काळात बनलेल्या गाड्या परत बोलावते आणि तो भाग फुकट बदलते. त्याला रिकॉल म्हणतात. त्याचा तुमच्या वॉरंटीच्या किलोमीटरशी संबंध नसतो.

स्टेअरिंगचंच उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या गाड्यांमधल्या स्टेअरिंग टाय रॉडच्या एका भागात दोष असू शकतो, आणि क्वचित तो तुटून गाडीच्या नियंत्रणावर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टेअरिंग गिअर बॉक्सच्या कारणावरून ऑल्टो के-१० च्या २,५५५ गाड्यांचा रिकॉल झाला. आता ईको कोण वापरतं बघा. डबेवाले, केटरर, शाळेची व्हॅन चालवणारे, कुरिअरवाले. म्हणजे आपणच. आणि यातले किती जण सेकंड-हँड गाडी घेतात! कंपनीचा निरोप पहिल्या मालकाच्या जुन्या मोबाइलवर जातो, नव्या मालकाला पत्ताच नसतो.

त्यामुळे आरसी बुकावरचा १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर घ्या आणि गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीच्या कस्टमर केअरलाही विचारा. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२१ पासून सरकारलाही रिकॉलचा आदेश देता येतो. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष वाटत असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एकट्याच्या तक्रारीने रिकॉल होत नाही, पण एकाच मॉडेलबद्दल तक्रारी वाढल्या तर दखल घ्यावी लागते.

कंपनीला विचारायला लाजू नका

डीलर आणि कंपनी वेगळे आहेत. डीलरने "नाही" म्हटलं म्हणजे कंपनीने म्हटलं असं होत नाही. वॉरंटी नुकतीच संपलेली असेल आणि सगळ्या सर्व्हिस वेळेवर, अधिकृत ठिकाणी केलेल्या असतील, तर कंपनी कधीकधी आपल्या मर्जीने पार्टच्या किमतीतला काही वाटा उचलते. सर्व्हिसवाले याला गुडविल म्हणतात. हा हक्क नाही, विनंती आहे. म्हणून भाषा विनंतीची ठेवा, पण पुरावे भरपूर जोडा : सर्व्हिसची बिलं, मीटरचा फोटो, आणि विशेष म्हणजे आधीच्या सर्व्हिसला "स्टेअरिंग जड लागतंय" असं जॉब कार्डवर लिहिलं असेल तर तो कागद. वॉरंटी चालू असताना केलेली तक्रार आणि तेव्हा न झालेली दुरुस्ती, हा सगळ्यात वजनदार पुरावा आहे. म्हणून गाडी सर्व्हिसला देताना जे जाणवतंय ते सगळं लिहून घ्यायचं, फक्त "जनरल चेकअप" नाही.

ग्राहक म्हणून दाद मागायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येतं. तिथून कंपनीकडे तक्रार जाते आणि बऱ्याचदा प्रकरण तिथेच मिटतं.

विमा : पांढरी पाटी आणि धंदा

गाडीचा विमा झीज किंवा आपोआप झालेला यांत्रिक-इलेक्ट्रिकल बिघाड भरून देत नाही. पण चाक खड्ड्यात जोरात आदळून टाय रॉड वाकला किंवा रॅक फुटला, तर ते अपघाती नुकसान आहे, आणि ओन डॅमेज कव्हर असेल तर दावा करता येतो. अट अशी की दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवायचं आणि सर्व्हेअरला पाहू द्यायचं. छोट्या बिलासाठी मात्र दावा करू नका, पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. तो २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. आधी तो आकडा काढा, मग ठरवा.

आणि एक कडू गोष्ट. खासगी गाडीच्या पॉलिसीत "भाड्याने किंवा माल वाहण्यासाठी वापर नाही" अशी अट असते. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून रोज माल पोचवत असाल तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. वॉरंटीच्या अटीतही व्यावसायिक वापराबद्दल वेगळं कलम असू शकतं, ते वाचा. पनवेलला एमएच-४६ ची नोंदणी करतानाच मालवाहू म्हणून केली असती तर कर आणि विम्याचा थोडा जास्त खर्च झाला असता, पण ही टांगती तलवार नसती. धंदा खऱ्या अर्थाने सुरू झालाय ना? मग गाडीही धंद्याच्या नावाने चालू द्या.

बाहेरच्या गॅरेजला द्यायची का?

आता खरं गणित. ताईने गाडी बंद असेपर्यंत ड्रायव्हरसह टेम्पो भाड्याने घेतला, रोजचे १,५०० रुपये.

डीलरकडे पार्ट यायला १२ दिवस लागणार. ३८ हजार अधिक १८ हजार भाडं, एकूण ५६ हजार.

समजा कंपनीने गुडविल म्हणून ३२ हजारांच्या पार्टचा निम्मा खर्च उचलला, पण मंजुरी आणि पार्ट मिळून १५ दिवस लागले. मजुरी ६ हजार, पार्टचे १६ हजार, भाड्याचे साडेबावीस हजार. एकूण ४४,५००.

बाहेरच्या एका जाणकार गॅरेजने सेन्सर-मोटरची दुरुस्ती १४ हजारांत, तीन दिवसांत करून द्यायचं कबूल केलं. १४ हजार अधिक साडेचार हजार, एकूण १८,५००. पण गॅरंटी फक्त तीन महिने.

बिलाचा आकडा आणि खर्चाचा आकडा वेगळे असतात. गाडी उभी असल्याचा प्रत्येक दिवस बिलात धरायचा, हे ज्याला जमलं तो योग्य निर्णय घेतो. म्हणून गुडविल मागताना बदली गाडी किंवा पार्टची निश्चित तारीखही मागा.

माझं मत सांगतो. इलेक्ट्रिक बाजूचा दोष, म्हणजे वायरिंग, कनेक्टर, सेन्सर, हे काम करणारा खात्रीचा माणूस असेल तर बाहेर करायला हरकत नाही. पण टाय रॉड, बॉल जॉइंट, रॅक यांत "लोकल माल चालेल" हे ऐकायचं नाही. तिथे कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचाच पार्ट, तोही बिलासकट. भंगारातून काढलेली जुनी असेंब्ली स्वस्त मिळते, पण ती अपघातातल्या गाडीची आहे की नाही हे तुम्हाला कोण सांगणार?

"बाहेर काम केलं तर उरलेली वॉरंटी रद्द" अशी भीती घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात यावर बोट ठेवलं होतं. दंड सुमारे २,५४४ कोटींचा होता आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण त्यातला विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे : बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल आणि कोणी असं बोललं तर कलम दाखवायला सांगा.

डीलरकडेच काम करायचं ठरलं, पण बिल मान्य नाही, आणि गाडी तर उद्याच हवी आहे, अशा वेळी पैसे भरा, मात्र बिलावर सही करताना "हरकत राखून रक्कम भरत आहे" असं लिहा आणि त्याच दिवशी तसा ईमेलही करा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. तो फेकायचा नाही. पुढे दोष होता की झीज, हे ठरवायला तोच लागेल.

ग्राहक आयोगात आपण "ग्राहक" आहोत का?

छोट्या व्यावसायिकासाठी हा कळीचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात "व्यापारी हेतूने" वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. पण स्पष्टीकरण असं की, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही.

या ओळीवरचा मूळ निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणाचा आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या छोट्या उद्योगाने एका सदोष सीएनसी मशीनबद्दल महाराष्ट्र राज्य आयोगाकडे दाद मागितली आणि तिथे जिंकली. राष्ट्रीय आयोगाने मात्र "तुम्ही ग्राहक नाही" म्हटलं, आणि ४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. उद्योजक हरला, पण न्यायालयाने दिलेली उदाहरणं आपल्या कामाची आहेत. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा, ट्रक घेणारा माणूस ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसं असली तरी तो ग्राहकच राहतो. पण गाडी घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात चालवायला दिली तर तो ग्राहक राहत नाही.

आपली ताई स्वतः व्हॅन चालवते, त्यावर घर चालतं. ती दाद मागू शकते. उद्या तिने पाच गाड्या आणि पाच ड्रायव्हर ठेवले, किंवा गाडी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर घेतली, तर हाच रस्ता अवघड होतो. तक्रारीत "स्वयंरोजगारासाठी, उपजीविकेसाठी घेतलेली गाडी" हे शब्द स्पष्ट लिहायला लागतात, आणि लायसन्स, कर्जाचे कागद, उद्यम नोंदणी सोबत जोडायची.

५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. पनवेल रायगड जिल्ह्यात, त्यामुळे आपला आयोग अलिबागला. तक्रार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असलं तरी. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची विनंती करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही.

मागणी मात्र वास्तव ठेवा. "नवीन गाडी द्या" ही मागणी क्वचितच टिकते. २००६ मध्ये मारुतीच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, वॉरंटीतली जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, सबंध गाडी बदलून देण्याची नाही. दुरुस्तीचा खर्च, गाडी बंद असतानाच्या भाड्याच्या पावत्या आणि थोडी नुकसानभरपाई, एवढं मागा. कारखान्यातला दोष आहे असं म्हणत असाल तर ते सिद्ध करणं तुमच्याकडे येतं. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि तेव्हा तुम्ही जपून ठेवलेला तो जुना पार्ट उपयोगी पडतो. मुदत दोन वर्षांची आहे. ती तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून मोजतात, म्हणून लेखी नकार मिळाल्याची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत धंद्याची गाडी सेकंड-हँड घेताना कोणते कागद बघायचे ते घेऊ. तोपर्यंत आपल्या गाडीचा चेसिस नंबर तेवढा तपासून घ्या.